'अंगाचं' लिहिलेली डबी

आमच्या लाँड्रीत औषधांना नावं नव्हती, डागांना होती. मागच्या भिंतीवरच्या फळीवर बाटल्या ओळीने उभ्या असायच्या. कपड्यांवर खूण करायची जी पक्की शाई असते, त्याच शाईने बाबांनी प्रत्येकीवर लिहिलेलं असायचं : 'शाईचं', 'तेलाचं', 'गंजाचं', 'गवताचं'. आत काय आहे हे कुणी विचारत नसे, आणि बाबांनाही बहुधा आठवत नसावं. बाजारातून डबा आला की तो बाटलीत रिकामा व्हायचा आणि डबा भंगारात जायचा. "ओल्या हातांनी लेबलं वाचत बसायला आपण काय साहेब आहोत?" ते म्हणायचे. "डाग बघायचा, बाटली उचलायची. संपलं."

फळीच्या टोकाला, बाटल्यांपासून जरा फटकून, एक चपटी ॲल्युमिनियमची डबी असे. तिच्यावर लिहिलं होतं, 'अंगाचं'.

वाफेत आणि ओल्या कपड्यांत दिवस काढणाऱ्या माणसांना जे जे होतं ते सगळं आम्हाला व्हायचं. बोटांच्या बेचक्यांत कुजायचं, काखेत खाजायचं, कमरेवर गोल चट्टे उठायचे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने बाबांना एकदा एक ट्यूब दिली. "खाज, बुरशी, जंतू, तिन्हींवर एकच. बिनधास्त लावा." तिन्हींवर एकच, हे बाबांना फारच पटलं. त्यांनी ट्यूब घरी आणली, साध्या पांढऱ्या क्रीममध्ये पिळली, चमच्याच्या दांड्याने घोटली आणि डबीत भरून फळीवर ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात अंगावर उठणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक डागच झाला. डास चावला, 'अंगाचं'. मुरूम आला, 'अंगाचं'. माझ्या गुडघ्यावर गजकर्ण उठलं तेव्हाही तेच.

नवीन औषध कपड्याला लावायचं असलं की आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघतात, रंग सुटतो का ते. बाबा माझ्या बाबतीतही तेच करायचे. कानामागे मुगाएवढं लावायचे, थोडा वेळ वाट बघायचे, मग कॉलर तपासतात तसे डोळे बारीक करून वाकायचे.

"नाही सुटत," ते गंभीरपणे आईला सांगायचे. "पोरगी पक्क्या रंगाची निघाली."

"मग परत नाही ना करायची?" आई इस्त्रीवरून मान न उचलता विचारायची.

डाग दिसेनासा झाला की डबीचं झाकण बंद. परत आला की परत उघडायचं. आणि तो परत यायचाच, पण त्यात आम्हाला वावगं काही वाटत नसे. कॉलरचा मळ परत येत नाही का?

आणि आईचे गाल. इस्त्रीच्या वाफेने तिच्या गालावर एकदा पुरळ उठलं होतं, माझ्या जन्माच्या आधी. बाबांनी 'अंगाचं' लावलं, पुरळ गेलं, पण लावणं राहिलं. मला आठवतं तेव्हापासून आईचे गाल गुलाबी होते. वाफेतून ती पुढे आली की आधी गाल दिसायचे, मग आई. एक गिऱ्हाईक नेहमी चिडवायचं, "वहिनी, गालांना कुठली खळ घालता?" आणि आतून बाबांचा आवाज यायचा, "तो माल विकायचा नाही!"

हॉस्टेलवर असताना मला घराची आठवण यायची ती वासाने. गरम सुती कापड, खळ, आणि त्यात मिसळलेला त्या डबीचा मेणासारखा, किंचित साबणासारखा वास. शेजारच्या खोलीतली मुलगी कपडे इस्त्री करायला लागली की मी काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात जाऊन उभी राहायचे. अर्धाच वास मिळायचा, पण मिळायचा.

बाबा गेले. दुकान दुसऱ्या माणसाकडे गेलं. मला मुलगी झाली आणि माझी रजा संपत आली, तेव्हा आई दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे राहायला आली.

मुलीला आम्ही भोपळी म्हणतो. ती तशीच आहे, गोल आणि एका जागी बसवली की बसणारी. नवरा म्हणतो की मी तिच्याकडे बघत नाही, तिला तपासते. खरं आहे. ऑफिसातून आले की हातपाय धुऊन मी तिला पलंगावर आडवी करते आणि मानेच्या वळीपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं उलटंसुलटं करून बघते. भोपळीला वाटतं हा खेळ आहे.

तिच्या जांघेत एक लालसर चट्टा उठला होता, माझ्या नखाएवढा. आई म्हणाली, "डायपरचं आहे. मी बघते, तू जा ऑफिसला." तो गेला. मला हायसं वाटलं. मग तो परत आला, मोठा होऊन. परत गेला. परत आला तेव्हा त्याला कड अशी राहिलीच नव्हती. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना. मी डायपर बदलले. साबण बदलला. चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या. शेवटी नवऱ्याच्या मोज्यांवर आले.

"माझे मोजे तिच्या जांघेत कसे जातील?" त्याने विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी तरीही मोजे वेगळे धुवायला टाकले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दार उघडून आत आले आणि जागच्या जागी थांबले. आई भोपळीच्या झबल्यांना इस्त्री करत होती. खोलीत गरम कापडाचा वास होता, आणि त्यात तो दुसराही. पूर्ण वास, अर्धा नाही. क्षणभर वाटलं, आता मागून बाबांचा आवाज येईल. मी पर्स खांद्यावरून न काढता तशीच उभी राहिले, इतकं बरं वाटलं. मग हात धुतले, भोपळीला आडवी केली, डायपर सोडला, आणि तो वास तिच्या जांघेतून आला.

"आई, हिला काय लावलंस?"

"काय लावणार? अंगाचं."

"डबीतलं?"

"अगं, डबीतलंच. डबी तेवढी नवी आहे. शब्द मीच लिहिला, तुझ्या बाबांसारखं नाही आलं अक्षर." ती खुशीत होती. "दोन बोटं लावलं की दुसऱ्या दिवशी चट्टा गायब. तू उगीच चादरी उकळत बसलीस."

"आई, तो परत येतोय."

"म्हणून तर परत लावते."

"पण आत आहे काय त्याच्या?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाबांनाच नावं ठेवली होती. "तुझ्या अंगाला लावून तुला मोठी केलीय बाई. तेव्हा नाही विचारलंस."

तिने पिशवीतून ट्यूब काढून दिली, जरा रागानेच. दुकान गेलं तरी त्याच औषधवाल्याला रिकामी ट्यूब दाखवून ती भरलेली आणत असे, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मी खिडकीशी जाऊन बारीक अक्षरं वाचली. तीन नावं होती. त्यातलं एक मी ओळखलं, कारण बाळंतपणानंतर मी जे जे मिळेल ते वाचून काढलं होतं आणि नवऱ्याला वाचून दाखवून त्याची झोप उडवली होती. ते स्टेरॉइड होतं. खाली लिहिलं होतं की डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावं. भोपळी पलंगावर पाय तोंडात घालून हसत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. आई येणार नव्हती. "तूच विचार तुझ्या डॉक्टरीणबाईंना," ती म्हणाली होती, पण भोपळी तिच्या कमरेवर बसल्याशिवाय रडायची थांबेना, म्हणून आली.

डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी चट्ट्यावरून हलक्या हाताने पात्याने कोंडा खरवडला आणि काचेवर घेऊन आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी आधी भोपळीचं वजन केलं, मग बोलल्या.

"बुरशी आहे. गजकर्ण. साधं होतं, पण या क्रीमने त्याचा चेहरामोहरा बदलून टाकलाय. बघा, यात तीन औषधं आहेत. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली दाबतं, खाज दाबतं, त्यामुळे वाटतं की बरं झालं. पण त्वचेची लढायची ताकदही दाबतं. वरून छान, खालून बुरशी पसरतेय. त्यात बाळाची कातडी नाजूक, जागा जांघेतली, वरून घट्ट डायपर. असं झाकलं की औषध जास्तच आत मुरतं."

"म्हणजे हिच्या वाढीवर काही परिणाम?" मी विचारलं.

"वजन ठीक आहे. तुम्ही सांगता तसं साध्या क्रीममध्ये मिसळून लावलंय, आणि लवकर आलात. हे बंद करा, मी देते ते नुसतं बुरशीचं लावा. बरं होईल. वजनावर आपण लक्ष ठेवू. फक्त चट्टा दिसेनासा झाला म्हणून थांबायचं नाही. मी सांगेन तोपर्यंत लावायचं."

"दिसत नाही त्याला काय लावायचं?" आई पहिल्यांदाच बोलली.

"तिथेच तर गंमत आहे, आजी." डॉक्टरांनी मान वर केली आणि मग बघतच राहिल्या. "आजी, जरा इकडे उजेडात या. चेहऱ्याला काय लावता?"

"काही नाही हो. माझा रंगच असा आहे."

डॉक्टरांनी भिंग घेतलं. मग मलाही त्यातून बघायला लावलं. आईच्या गालावर गुलाबी असं काही नव्हतंच. कागदासारखी पातळ झालेली कातडी होती आणि तिच्यातून दिसणाऱ्या केसासारख्या बारीक, लाल शिरा, एकीतून दुसरी फुटलेली. माझ्या लहानपणातली सगळ्यात सुंदर गोष्ट मी भिंगातून बघत होते.

"किती वर्षं लावताय?"

आईने माझ्याकडे बघितलं. "हिच्या जन्माआधीपासून."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "खाज कुठे आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, कुठेच नाही. डॉक्टर म्हणाल्या, बाळाला कुठल्या बाजूला घेता? आणि आईला पडद्यामागे नेलं. बाहेर आल्यावर आई खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. तिच्या कमरेवर, बरोबर भोपळी बसते त्या जागी, तळहाताहून मोठा चट्टा होता. रोज 'अंगाचं' लावून फिका केलेला.

"माझ्याकडून लागलं हिला," ती म्हणाली. थोडा वेळ ती आपल्या हातांकडे बघत होती. "म्हणजे डाग निघतच नव्हता तर. आम्ही इतकी वर्षं नुसता रंग उडवत होतो."

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. ही क्रीमं मुळात वाईट नाहीत, पण तपासून, ठरावीक जागी, थोड्या दिवसांपुरती द्यायची असतात. चेहऱ्याला नाही, जांघेत नाही, आणि मनाने तर नाहीच. कमरेला बुरशीचं औषध, टॉवेल वेगळा, हात धुऊनच बाळाला घ्यायचं, मध्ये जाडसर कापड ठेवायचं. डोळ्यांजवळही लावलं गेलंय म्हणून डोळे एकदा तपासून घ्यायचे. "आणि चेहरा. तो सुटताना त्रास देईल, आजी. भडकेल, आग होईल. त्यासाठी मी वेगळं देतेय, सांगितलंय तसंच लावा. घाबरून परत त्या डबीकडे जाऊ नका. फार झालं तर मला फोन करा."

चेहरा भडकलाच. आधी लाल झाला, मग बारीक फोड आले, मग सुजला. आई दार उघडायला जाईना. पण त्याहून वाईट म्हणजे ती भोपळीला हात लावेना. भोपळी रांगत तिच्या खुर्चीपर्यंत जायची, दोन्ही हात वर करायची, आणि आई आपले हात पाठीमागे धरायची.

"नको गं सोने. आजी चांगली नाही."

"आई, कापड ठेवून घेतलं तर चालतं, डॉक्टरच म्हणाल्यात," नवऱ्याने सांगून बघितलं.

"त्या मोठ्या मनाच्या आहेत, जावईबापू. मला ठाऊक आहे ना मी काय केलं."

भोपळीसाठी नवऱ्याने रजा घेतली, मग मी घेतली. एके दुपारी बघते तर आईच्या दोन्ही पिशव्या भरून दाराशी. घरी गेली तर हा पेटलेला चेहरा घेऊन ती एकटी असणार, आणि कोपऱ्यावर तो औषधवाला. आणि इथे? भोपळीला पाळणाघरात ठेवता येईल. मला कुठे ठेवणार?

आई पलंगावर बसली होती. तिच्या मांडीत ती डबी होती, उघडी.

"एकदाच लावू का गं?" तिने विचारलं.

"आई."

"आग होतेय म्हणून नाही." ती झाकण फिरवत होती. "दिवसभर आम्हाला बोलायला कुठे वेळ असायचा? तुला माहितीये. गिऱ्हाईक, वाफ, हे कुठे ते कुठे. शटर ओढलं की हे हात धुवायचे, अगदी साबण लावून, आणि म्हणायचे, चला, बघू रंग. मी स्टुलावर बसायचे. तेवढंच काय ते आमचं. पुरळ कधीच गेलं होतं. मला कळत होतं. त्यांनाही कळत असेल." मग तिने मला विचारलं, "त्यांनी वाईट केलं का गं माझं?"

मी शेजारी बसले. नाही म्हणावं तर तिचा चेहरा समोर होता. हो म्हणावं तर बाबा.

"त्यांना माहीत नव्हतं, आई. त्यांना सांगितलंच नव्हतं कुणी."

"सगळ्या कापडांचं माहीत असायचं त्यांना."

"हे कापड नव्हतं."

आईने डबीचं झाकण लावलं. मग नाक ओढून म्हणाली, "म्हातारा असता तर डॉक्टरीणबाईंशी वाद घालायला गेला असता." आणि आम्ही दोघी हसलो. हसल्यावर तिच्या गालांची आग झाली म्हणून ती कळवळली, आणि त्यावरही हसलो.

मी उठून स्वच्छ, मऊ कापड गार पाण्यात पिळून आणलं, तिच्या चेहऱ्यावर ठेवलं. नंतर डॉक्टरांनी दिलेलं औषध लावलं, अगदी हलक्या बोटाने. तिने डोळे मिटून घेतले होते. ती कुणाचं बोट समजत होती ते मी विचारलं नाही.

डबी तिने स्वतःच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. मला ती हवी होती. आतलं नको होतं, नुसती डबी धुऊन, पुसून कपाटात ठेवायची होती. मी तसं म्हटलंही. "घरात रांगतं पोर आहे," आई म्हणाली. "बाहेर." माझ्यापेक्षा तिला ते सोपं गेलं.

पिशव्या दाराशीच राहिल्या. गेल्या नाहीत आणि सुटल्याही नाहीत.

भोपळीची जांघ आधी बरी झाली. चट्टा दिसेनासा झाल्यावरही मी औषध लावत होते, आणि लावायला विसरले की खुर्चीतून आवाज यायचा, "आजचं राहिलं." आईची कमर हळूहळू निवळली. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी तिच्या कमरेवरचा कोंडा काचेवर घेऊन बघितला आणि बुरशी दिसत नाही म्हणून सांगितलं, लावणं मात्र इतक्यात सोडायचं नाही. चेहरा वाईटच होता, पण कालच्यापेक्षा कमी वाईट. डॉक्टर म्हणाल्या, याला महिने लागतील. भोपळीचं वजन वाढलं होतं. एवढं सगळं झालं तरी आईचे हात पाठीमागेच.

माझ्या रजेचा शेवटचा दिवस संपला. सकाळी मी डबा भरत होते, हात कणकेने भरलेले. नवरा आंघोळीला गेलेला. पाळणाघरात द्यायची पिशवी टेबलावर तयार होती. भोपळी रांगत आईच्या खुर्चीशी गेली, तिचा गुडघा धरला आणि उभी राहिली. पहिल्यांदाच. आम्ही दोघी बघत होतो. भोपळीलाही आपण काय केलंय ते कळलं असावं, कारण तिने गुडघा सोडला, हात वर केले आणि धप्पकन खाली बसली. एक क्षण काही नाही, मग भोकाड.

"अगं, घे तिला!" आई ओरडली.

"माझे हात बघ."

"धू मग!"

मी नळाकडे गेले नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मग भोपळीकडे. भोपळीचे हात वर होते, नाक वाहत होतं, आणि ती आजीशिवाय कुणाकडेच बघत नव्हती. आई पुटपुटत उठली, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, नीट पुसले. दोरीवरचा पंचा ओढून त्याची घडी कमरेला लावली, वाकली आणि तिला उचललं. भोपळीने दोन्ही मुठींनी तिची मान धरली आणि नाक तिच्या खांद्याला पुसून टाकलं. रडणं तिथेच संपलं.

"केवढी जड केलीस गं हिला," आई म्हणाली. तिचा चेहरा लालभडक होता, फोडांसकट, आणि ती तो लपवत नव्हती. "आणि बघत काय उभी राहिलीस? ती पाळणाघराची पिशवी उचलून आत ठेव. उशीर होतोय ना तुला? जा."

मी हात धुतले आणि गेले.